मालकी आणि निस्तार : माहीमच्या एका चर्चची गोष्ट

गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यात, नागझिऱ्याच्या जंगलाच्या वेशीवर चोरखमारा हे गाव आहे. वाघ पाहायला येणाऱ्यांना ते अभयारण्याच्या एका प्रवेशद्वाराचं नाव म्हणून ठाऊक असतं, इथल्या माणसाला ते तलावाचं गाव म्हणून. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा सगळा पट्टा तलावांचा. कोहळ्यांनी बांधलेल्या पाळी, त्यातली पाणी सोडायची तुडुमं, तुडुमातून धानाच्या बांधीत जाणारं पाणी यांवर इथली शेती उभी राहिली. हे तलाव एकेकाळी मालगुजारांचे, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या जमीनदारांचे होते. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी’ म्हणून ‘मामा तलाव’ झाले. मालक बदलला. पण मालगुजारीच्या काळातही गावाच्या दप्तरात एक वेगळी नोंद असायची. जनावरांना पाणी कुठे पाजायचं, सरपण कुठून आणायचं, कोणत्या वाटेनं जायचं हे मालकाच्या मर्जीवर सोडलेलं नसे. वाजिब-उल-अर्जमध्ये ते गावाचा रिवाज म्हणून लिहिलेलं असे. या वापराच्या हक्काला इकडे निस्तार म्हणतात. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे दोन्ही शब्द आहेत, आणि उर्वरित महाराष्ट्रातल्या वाचकाला ते बहुधा परके वाटतात. मालकी एकाची आणि निस्तार सगळ्यांचा, ही समज मात्र इथल्या माणसाच्या अंगवळणी पडलेली आहे.

ही समज घेऊन मला मुंबईतल्या एका चर्चकडे पाहायचं आहे. लेडी जमशेटजी मार्गावर, माहीम कॉजवेच्या अलीकडे उभं असलेलं सेंट मायकेल चर्च. तिथल्या बुधवारच्या गर्दीमुळे ते सगळ्या मुंबईला माहीत आहे. त्याच्या इतिहासात पोर्तुगालचा राजा आहे, ईस्ट इंडिया कंपनी आहे, रोम आहे, गोवा आहे, आणि या प्रत्येकानं कधी ना कधी हे चर्च आपलं म्हणून सांगितलं. तो इतिहास लिहिणाऱ्यांनी तो या मालकांच्या क्रमानं लिहिला. कोणत्या साली कोणत्या संघाचे पाद्री आले, कोणत्या साली गेले, कोणत्या कराराने कोणाचा अधिकार ठरला, असा. माझं म्हणणं असं की या चर्चचा खरा सलग इतिहास त्याच्या निस्ताराचा आहे, त्यात येऊन गुडघे टेकणाऱ्यांच्या वहिवाटीचा आहे. मालकीच्या कागदांवरून पाहिलं तर हे चर्च चार-पाच वेळा तुटलेलं दिसतं. वहिवाटीवरून पाहिलं तर ते तुटलेलं नाही.

सुरुवातीलाच एक तारीख तपासून घ्यायला हवी. हे चर्च १५३४ साली अंतोनियो दो पोर्तो या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी स्थापन केलं, अशी परंपरा आहे आणि मुंबईतल्या सर्वांत जुन्या चर्चचा मान त्यावरून त्याला दिला जातो. पण गुजरातच्या बहादुरशहानं वसई आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांना दिली तो तह २३ डिसेंबर १५३४ चा. वर्षाचे आठ दिवस उरले असताना मिळालेल्या बेटावर त्याच वर्षी चर्च उभं राहिलं असेल, हे मनाला पटत नाही. ही तारीख चर्चच्या पायाभरणीची नसून सत्तांतराची असावी. लोकांनी दोन्ही एकत्र बांधून टाकल्या. आणि त्यात एक सत्य दडलेलं आहे, जे टाळता येणार नाही. हे चर्च राजसत्तेच्या पाठोपाठ आलं. ‘पाद्रोआदो’ म्हणजे पोपनं पोर्तुगालच्या राजाला दिलेला धर्मसंरक्षणाचा अधिकार. पूर्वेकडे चर्च बांधायची, धर्मगुरू नेमायचे, त्यांचा खर्च उचलायचा आणि बदल्यात बिशप कोण असावा हे सुचवायचं. म्हणजे पहिला मालगुजार लिस्बनला बसलेला होता. हेच अंतोनियो दो पोर्तो बोरिवलीच्या मंडपेश्वरला गेले आणि तिथल्या शैव लेण्यात त्यांनी ख्रिस्ती प्रार्थनास्थळ केलं. नटराज आणि लकुलीश कोरलेल्या दालनात मिस्सा होऊ लागली.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो हलका नाही. ज्या वहिवाटीचं मी गुणगान करतो आहे, तिची सुरुवातच जर सत्तेच्या जोरावर, आधीच्या वहिवाटी मोडून झाली असेल, तर तिला लोकांचा हक्क कसं म्हणायचं? गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन आलं, देवळं पाडली गेली, धर्मांतराला दबावाची आणि लाभाची दोन्ही बाजूंची रेटारेटी होती. उत्तर कोकणातही पोर्तुगीज राज्य म्हणजे तेच राज्य. याला माझं उत्तर असं, की निस्ताराचा जन्म नेहमी निर्मळच असतो असा माझा दावा नाही. मालगुजारांचे तलावही सगळे स्वखुशीच्या श्रमातून बांधले गेले, असं कोण छातीठोकपणे म्हणेल? प्रश्न असा विचारायला हवा की ज्या सत्तेनं लोकांना त्या दारात आणलं, ती सत्ता गेल्यावर लोकांनी काय केलं. ते दार सोडून गेले असते, तर ती वहिवाट सत्तेची होती असं सिद्ध झालं असतं. माहीममध्ये ही परीक्षा इतिहासानं एकदा नाही, अनेकदा घेतली.

पहिली परीक्षा इंग्रजांच्या येण्याची. १६६१ च्या विवाहकरारानं मुंबई दुसऱ्या चार्ल्सला मिळाली, आणि फेब्रुवारी १६६५ मध्ये हम्फ्री कुकनं ती प्रत्यक्ष ताब्यात घेतली. माहीम त्या करारात येतं की नाही यावरच वाद होता. पोर्तुगीज म्हणत होते, आम्ही फक्त मुंबईचं बेट दिलं. कुकनं माहीमही घेतलं. १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्यानं सगळं कंपनीकडे गेलं. राजा प्रॉटेस्टंट, कंपनी प्रॉटेस्टंट आणि माहीमची वस्ती कॅथलिक. कोळी, भंडारी, शेती आणि ताडीवर जगणारी कुटुंबं. राजाच्या धर्मासाठी ते चर्चमध्ये आले असतील तर आता यायचं कारण उरलं नव्हतं. कॅथलिक उपासनेला आडकाठी होणार नाही असं करारात कबूल झालेलं होतं, हे खरं. पण करार जबरदस्ती थांबवतो, तो कोणाला रविवारी पहाटे उठवून मिस्सेला पाठवत नाही. लोक येत राहिले.

दुसरी परीक्षा १७२० ची. कंपनीला आपल्या बेटावरचे पोर्तुगीज पाद्री खुपत होते. त्यांची निष्ठा गोव्याच्या आर्चबिशपकडे आणि पर्यायानं पोर्तुगालच्या राजाकडे, आणि शेजारी वसई-साष्टीत पोर्तुगीज सत्ता अजून उभी. गव्हर्नर चार्ल्स बून यांनी फ्रान्सिस्कनांना बेटाबाहेर काढलं आणि कार्मेलाइट संघाच्या धर्मगुरूंना बोलावलं. हे थेट रोमच्या ‘प्रोपगंडा फिदे’ या १६२२ साली स्थापन झालेल्या खात्याच्या हाताखालचे, पोर्तुगालशी देणंघेणं नसलेले. मालकीच्या भाषेत ही उलथापालथच. पण माहीमच्या बाईच्या दृष्टीनं काय बदललं? मिस्सा लॅटिनमध्येच होती. बाप्तिस्म्याचं पाणी, लग्नाची साक्ष, मेलेल्याच्या नावानं म्हटलेली प्रार्थना, २९ सप्टेंबरला येणारा संत मायकेलचा सण, सगळं जागच्या जागी होतं. वेदीपाशी उभ्या माणसाचा झगा वेगळा आणि त्याच्या उच्चारातला हेल वेगळा, एवढंच.

मग १७३९ आलं. चिमाजी अप्पांनी वसई घेतली, साष्टी आणि बांद्रे मराठ्यांकडे गेलं. खाडीच्या पलीकडे मराठे, अलीकडे इंग्रज. बांद्र्याच्या डोंगरावरची मरियेची मूर्ती, जिला कोळी आणि सगळे मराठी लोक मोतमाउली म्हणतात, ती या काळात माहीमच्या सेंट मायकेलमध्ये आणून ठेवली गेली आणि १७६१ पर्यंत तिथेच राहिली. कॉजवे व्हायला तेव्हा अजून शंभर वर्षं होती. लेडी अवाबाई जमशेटजी यांच्या देणगीतून तो बांधला गेला एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. तोवर खाडी ओलांडायची म्हणजे होडी. बांद्र्याच्या माणसाला आपल्या माउलीला भेटायचं तर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होडीनं जायचं होतं. म्हणजे वीसेक वर्षं माहीमच्या चर्चवर दोन गावांचा निस्तार होता, स्वतःचा आणि पाहुण्यांचा. आणि मला सर्वांत बोलकी वाटते ती मूर्तीच्या परतीची वेळ. १७६१ मध्ये ती डोंगरावर पुन्हा बांधलेल्या प्रार्थनामंदिरात गेली, तेव्हा बांद्रे पेशव्यांच्याच राज्यात होतं. इंग्रजांनी साष्टी घेतली १७७४ च्या अखेरीस. पोर्तुगीज राजाचा आश्रय संपून दोन दशकं उलटल्यावर, हिंदू राज्यकर्त्यांच्या मुलखात, मोतमाउलीचं देऊळ पुन्हा उभं राहिलं. ज्यांनी ते उभं केलं त्यांच्या पाठीशी कोणता राजा होता? कोणताच नाही. पहिल्या आक्षेपाला यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही, आणि लागतही नाही.

गोवा आणि रोम यांच्यातली ओढाताण मात्र थांबली नव्हती. १७८९ मध्ये कंपनीनं चर्चं पुन्हा गोव्याच्या आर्चबिशपकडे दिली, दोन वर्षांनी लंडनहून हुकूम आला की कार्मेलाइटांना परत द्या, आणि शेवटी १७९४ मध्ये घरातल्या भावांची वाटणी व्हावी तशी वाटणी झाली. माझगावचं ग्लोरिया आणि दादरचं साल्वासांव गोव्याकडे, काळबादेवीजवळच्या कावेलचं एस्पेरांसा आणि माहीमचं सेंट मायकेल रोमच्या प्रतिनिधीकडे. एकाच शहरात, एकाच धर्माची, एकाच पोपला मानणारी माणसं दोन वेगळ्या बिशपांच्या हाताखाली. मुंबईत ही दुहेरी व्यवस्था सव्वाशेहून जास्त वर्षं चालली. १८३८ मध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी एका आज्ञापत्रानं पाद्रोआदोचा मोठा भाग रद्द केला. गोव्याच्या बाजूनं ते आज्ञापत्र मानलंच नाही. आमच्या राजाच्या संमतीवाचून ते लागू होत नाही, असं त्यांचं म्हणणं. रोमची बाजू त्यांना फुटीर म्हणू लागली.

या पार्श्वभूमीवर १८५३ साल समजून घ्यायला हवं. माहीमच्या इतिहासात मी सर्वांत जास्त वेळ इथेच थांबेन. अनास्तासियस हार्टमान हे स्वित्झर्लंडचे कॅपुचिन धर्मगुरू तेव्हा मुंबईत रोमचे प्रतिनिधी होते. तडफदार आणि कर्तबगार माणूस. ‘एक्झामिनर’ हे कॅथलिक साप्ताहिक, जे आजही निघतं, त्याची सुरुवात त्यांच्याच कारकिर्दीत १८५० मध्ये झाली आणि जेझुइटांना मुंबईत शिक्षणाच्या कामाला लावण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १८५३ मध्ये मकावचे पोर्तुगीज बिशप मुंबईत आले, त्यांनी पाद्रोआदोच्या लोकांसाठी विधी केले आणि त्या बाजूला हुरूप आला. माहीमचे पाद्री आणि त्यांच्यामागचे धर्मग्रामस्थ गोव्याच्या बाजूला जायला निघाले. चर्च हातचं जातं असं दिसताच हार्टमान स्वतः माहीमला आले आणि आत जाऊन बसले. हुतात्मा होईन पण चर्च देणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. बाहेर लोकांनी वेढा घातला. वाटा अडवल्या, आत अन्नपाणी जाऊ दिलं नाही. हे पंधरा दिवस चाललं. अखेर सरकारी अधिकाऱ्यांनी मध्ये पडून वाटा मोकळ्या केल्या आणि चर्च पाद्रोआदोच्या बाजूला गेलं.

जरा जवळून पाहा. आत एक बिशप आहे, ज्याच्याकडे रोमचा अधिकार आहे, मालकीचा सगळ्यात वरचा कागद आहे. बाहेर जे आहेत त्यांचे आईबाप त्या चर्चच्या आवारात पुरलेले आहेत. त्या दारातून बाप्तिस्म्याला गेलेली माणसं त्याच दाराला वेढा घालून उभी आहेत, आणि आत जाणारं पाणी अडवत आहेत. हे दृश्य सुखद नाही. तहानलेल्या माणसाचं पाणी तोडणं कोणत्याही धर्मात बसत नाही, आणि लोकांची बाजू घ्यायची म्हणून मी त्या पंधरा दिवसांचं समर्थन करणार नाही. पण ते लोक काय म्हणत होते हे ऐकायला हवं. त्यांना नवा धर्म नको होता, नवा देव नको होता. बाहेर उभं राहून त्यांना आत यायचं होतं. त्यांचा वाद एवढाच होता की या वेदीपाशी आमच्यासाठी कोण उभं राहील, हे आम्हाला विचारल्याशिवाय ठरू नये.

यावर दुसरा आक्षेप धर्मशास्त्राचा आहे. कॅथलिक चर्च म्हणजे ग्रामपंचायत नाही. त्यात अधिकार वरून खाली येतो, प्रेषितांकडून बिशपांकडे, बिशपांकडून धर्मगुरूंकडे. धर्मग्रामस्थांचं बहुमत हा त्यात निकष नाही, आणि तसा मानला तर चर्च टिकणारच नाही. हार्टमान यांची बाजू हीच होती आणि श्रद्धेच्या चौकटीत ती खंबीर आहे. आणखी एक आक्षेप इतिहासकाराचा: हे लोकांचं बंड नव्हतंच, गोव्याच्या देशी धर्मगुरूंची आणि युरोपीय मिशनऱ्यांची चुरस होती, लोक त्यात प्यादी होते. दोन्हींमध्ये तथ्य आहे. पण चुरस लावणाऱ्यांनाही लोकांना सोबत घ्यावं लागलं, ही गोष्ट विसरता येत नाही. लोकांचा निस्तार नसता तर भांडायला काही उरलंच नसतं. आणि धर्मशास्त्राच्या आक्षेपाबद्दल म्हणायचं तर रोमनं स्वतःच पुढे काय केलं ते पाहावं. माहीमच्या लोकांना १८५३ नंतर बाहेर टाकलं गेलं नाही. १८८६ च्या करारात दुहेरी व्यवस्था मान्य करून पाद्रोआदोच्या चर्चांवर दमणच्या बिशपांचा अधिकार ठरवला गेला. ती व्यवस्था १९२८ मध्ये संपली, मुंबईचा एक आर्चबिशप झाला, तोही आळीपाळीनं पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा असं ठरलं. पहिले जोआकिम लिमा, दुसरे थॉमस रॉबर्ट्स. रॉबर्ट्स यांनी भारतीय माणसासाठी जागा मोकळी केली आणि १९५० मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस आर्चबिशप झाले, १९५३ मध्ये भारताचे पहिले कार्डिनल. म्हणजे ज्या गोष्टीसाठी माहीमच्या लोकांनी, वाईट रीतीनं का होईना, दार अडवलं होतं, की आमच्या वेदीपाशी आमच्यातला माणूस असावा, ती शंभर वर्षांनी रोमच्याच सहीनं झाली.

दरम्यान धर्मग्रामस्थही बदलत होते. बेटावरच्या मूळ मराठीभाषक कॅथलिकांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं, कारण गोव्याहून आणि मंगळूरहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपासून आपलं वेगळेपण त्यांना दाखवायचं होतं. या नावामागे थोडी भीती होती, आपल्याच घरात आपण पाहुणे होऊ की काय अशी. कोकणी कानावर पडू लागली, पुढे तमिळही. भीती समजण्यासारखी आहे. पण चर्चच्या बाकांवरून कोणी कोणाला उठवलं नाही.

आणि मग १९४८. फादर एडवर्ड प्लासिड फर्नांडिस यांनी बेलफास्टमध्ये निरंतर साहाय्य करणाऱ्या मातेची नोव्हेना पाहिली होती. दर आठवड्याच्या ठरल्या दिवशी, ठरल्या प्रार्थना, सलग नऊ आठवडे. तिच्या चित्राची शैली पूर्वेकडच्या ग्रीक परंपरेतली, मूळ चित्र रोममध्ये. ८ सप्टेंबर १९४८ ला, बुधवारी, मरियेच्या जन्मसणाच्या दिवशी, माहीममध्ये ही नोव्हेना सुरू झाली. मिस्सा तेव्हा लॅटिनमध्ये होती आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत लॅटिनमध्येच राहणार होती. नोव्हेना मात्र लोकांच्या भाषेत म्हणता येत होती. मला वाटतं, गर्दीचं एक कारण इथे आहे. लोकांना देवाशी आपल्या शब्दांत बोलायची वाट मिळाली. आज इंग्रजी, मराठी, हिंदी, कोकणी, तमिळ अशा भाषांत दिवसभर नोव्हेना चालते, आणि येणाऱ्यांत हिंदू, मुसलमान, पारशी असतात. पाऊण मैलाच्या परिघात मखदूम अली माहिमींचा दर्गा आहे, शितळादेवीचं देऊळ आहे. माहीमच्या माणसाला एका दारातून दुसऱ्या दारात जाणं नवीन नाही.

फाटकाबाहेर मेणाच्या वस्तू मांडलेल्या असतात. मेणाचा हात, मेणाचा पाय, मेणाचं डोकं, पाळण्यातलं बाळ, कौलारू घर. ज्याला जे हवं किंवा ज्याचं जे दुखतं, ते घेऊन तो आत जातो. मुंबईत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईच्या तळहातावर मेणाचं दोन खिडक्यांचं घर असतं, आणि ती ते अंड्यासारखं जपून, गर्दीतून धक्का लागू न देता वेदीपर्यंत नेते. तिचा बाप्तिस्मा झालेला नसतो. प्रभुभोजनाच्या वेळी ती पुढे जात नाही, पण नऊ बुधवार ती चुकवत नाही.

इथे तिसरा आक्षेप. ही गर्दी म्हणजे धर्मसमुदाय नव्हे. ही नवसाची गर्दी आहे, कामापुरती येते, काम झालं की दुसरीकडे जाते. तिला या चर्चच्या वारसांच्या रांगेत कसं बसवायचं? श्रद्धावंत कॅथलिकालाही ही शंका येते आणि सुधारकी विचाराच्या माणसालाही, वेगवेगळ्या कारणांनी. मी या आक्षेपाचा अर्धा भाग मान्य करतो. बाप्तिस्मा, पाप-कबुली, प्रभुभोजन यांनी बांधलेला समुदाय आणि बुधवारची गर्दी एक नव्हेत. पण निस्तारपत्रकात हाच तर मुद्दा असतो. त्यात गावातल्या सगळ्यांचा हक्क सारखा लिहिलेला नसतो. कोणाचा चराईचा, कोणाचा पाण्याचा, कोणाचा फक्त वाटेचा. ढिवराचा मासोळीवरचा हक्क वेगळा आणि शेतकऱ्याचा पाटाच्या पाण्यावरचा वेगळा, म्हणून दोघांपैकी एक परका ठरत नाही. त्या बाईचा हक्क वाटेचा आणि मेणबत्तीचा आहे. तो तिनं नऊ बुधवार उभं राहून मिळवला आहे. आणि ती फक्त घ्यायला येते हेही खरं नाही. जे चर्च एकेकाळी दोन बिशपांच्या भांडणाचं ठिकाण होतं, त्याला आता कोणी मुंबईत त्या नावानं ओळखत नाही. बुधवारच्या लोकांनी त्याची ओळख बदलली.

आता भिंतींकडे येतो. आज दिसतं ते चर्च १९७३ चं आहे. त्याआधी अनेकदा ते पडलं, वाढवलं गेलं, नव्यानं बांधलं गेलं. अंतोनियो दो पोर्तोंच्या काळातलं काही शोधायला गेलं तर हाती लागणार नाही. वारसावास्तूंचा अभ्यास करणारा माणूस इथे नाराज होतो. त्याचा आक्षेप रास्त आहे: दगड टिकवला नाही तर पुरावा जातो, आणि काँक्रीटची इमारत जुन्या नावानं ओळखली म्हणून जुनी होत नाही. दादरच्या साल्वासांवचंही तेच झालं. पोर्तुगीज चर्च म्हणून बसथांब्यापर्यंत नाव रुजलेलं, आणि इमारत वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी सत्तरच्या दशकात बांधलेली, घुमटावर चित्रकार हुसेनांची चित्रं. पण याच्या शेजारी वसईचा किल्ला ठेवून पाहा. तिथे सोळाव्या-सतराव्या शतकातल्या भिंती आजही उभ्या आहेत. फ्रान्सिस्कनांच्या चर्चच्या फरशीत पोर्तुगीज कुटुंबांच्या कबरींचे कोरलेले दगड आहेत, नावं वाचता येतात, छप्पर नाही. १७३९ मध्ये किल्ल्यातली वस्ती गेली, आणि तिच्याबरोबर निस्तार गेला. नागासाकीत १५९७ मध्ये क्रुसावर मारले गेलेले वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांच्या सणाला तिथल्या एका चर्चमध्ये लोक जमतात, एरवी ती पुरातत्त्व खात्याची वास्तू आहे. किल्ल्याबाहेरच्या गावांतली चर्चं मात्र जिवंत राहिली, कारण सामवेदी आणि वाडवळ ख्रिस्ती माणसं गाव सोडून गेली नाहीत. मला वसईचे दगडही हवेत आणि माहीमचे बुधवारही. पण दोन्हींपैकी कशाला जुनं चर्च म्हणायचं असा प्रश्न आला, तर मी माहीमकडे बोट दाखवेन.

निस्तार अमर असतो असा समज मात्र नको. जंगल राखीव झालं की सरपणाची वाट बंद होते, तलाव गाळानं भरला की पाणवठा हलतो, हे पूर्व विदर्भात सांगावं लागत नाही. वापर थांबला की हक्क कागदावर उरतो आणि मग कागदावरूनही जातो. म्हणून वापर लिहून ठेवावा लागतो. महापालिकेच्या वारसायादीत इमारतीची शैली, बांधकामाचं साल, छताचा प्रकार यांना रकाने असतात. माहीमच्या सेंट मायकेलची नोंद मालगुजारी गावाच्या रीतीनं करायची झाली तर ती अशी होईल. २९ सप्टेंबर, धर्मग्रामाचा सण. १७३९ पासून १७६१ पर्यंत बांद्र्याच्या माउलीला आसरा. १८५३ मध्ये पंधरा दिवस दार बंद, नंतर उघडं. दर बुधवारी, पहाटेपासून रात्रीपर्यंत, पाच भाषांत प्रार्थना. कोळी, ईस्ट इंडियन, गोवेकर, मंगळूरकर, तमिळ यांना बाकांचा आणि वेदीचा हक्क. शहरातल्या इतर सर्वांना, कोणत्याही धर्माच्या, वाटेचा हक्क, मेणबत्ती लावण्याचा हक्क, आणि मेणाचं घर ठेवण्यापुरती जागा.